फास्मोफोबिया: चौघांनी आठ महिने खेळल्यावर

हॉरर गेम एकट्यानेच खेळायचा, दिवे मालवून, कानात हेडफोन घालून, असं मी वर्षानुवर्षं मानत आलो. 'अम्नेशिया: द डार्क डिसेंट' तसाच खेळलो, 'एलियन: आयसोलेशन'ही तसाच. सोबत कुणी आलं की भीती गेली, ही समजूत 2009 च्या 'रेझिडेंट इव्हिल 5'ने पक्की केली. त्यात शेवा ही साथीदार कायम बाजूला असते, गोळ्या वाटून घेता येतात, पडलो तर उठवायला कुणीतरी असतं. गेम मला आवडला, पण भीती अशी वाटलीच नाही. म्हणून कायनेटिक गेम्सचा 'फास्मोफोबिया' घेताना फार अपेक्षा नव्हत्या. 2020 साली अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला आलेला, चौघांनी मिळून भूत ओळखायचा गेम. म्हटलं, निदान मित्रांशी बोलणं तरी होईल.

पहिले दोन महिने नेमकं तेवढंच झालं. आम्ही गेमच्या बाहेर वेगळा ग्रुप कॉल लावून खेळायचो. गेममध्ये आवाजाला अंतर आहे: जवळ असाल तरच ऐकू येतं, लांबच्याशी बोलायला वॉकी-टॉकी लागतो, आणि भूत हंटला, म्हणजे आपली शिकार करायला, निघालं की त्यावर नुसती खरखर. मेलेल्याचा आवाज जिवंतांपर्यंत पोचतच नाही. आम्ही कॉल लावून हे सगळं निकामी करून टाकलं होतं. एखादा मेला की दुसऱ्या सेकंदाला सांगायचा, "स्वयंपाकघरात आहे, तू गॅरेजकडे पळ." मग कसली भीती आणि कसलं काय! आणि दोष मात्र आम्ही को-ऑपला, म्हणजे मिळून खेळण्याला, देत होतो.

एका रात्री तो कॉल काही केल्या लागेना. नाइलाजाने गेममधलाच माइक सुरू केला.

गेममधलं टॅंगलवुडचं घर, आम्हाला पाठ झालेलं. मी तळघरात, मैत्रीण वर, बाकीचे दोघे बाहेर व्हॅनमध्ये. ती वॉकी-टॉकीवर थर्मामीटरचे आकडे वाचून दाखवत होती. वाचता वाचता आवाज फाटला, खरखर सुरू झाली, माझा टॉर्च लुकलुकायला लागला. हंटमध्ये बाहेरचं दार बंद होतं आणि भुताला आपलं बोलणं ऐकू जातं, म्हणून टॉर्च विझवून कोपऱ्यात गप्प उभा राहिलो. डोक्यावर पावलं वाजत होती. ती तिची की भुताची, कळायला मार्ग नाही. मग पावलंही थांबली. हंट संपल्यावर मी हळूच विचारलं, "आहेस का?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नंतर समजलं, ती मेली होती आणि माझी प्रत्येक हाक तिला ऐकू येत होती. फक्त उत्तर देता येत नव्हतं. एकट्याने खेळताना मी पुष्कळदा घाबरलोय, पण असा घसा कोरडा कधी पडला नव्हता.

तेव्हापासून माझं मत बदललं ते बदललंच. माणसं जास्त असल्याने भीती पातळ होत नाही. कुणाशीही केव्हाही बोलता येतं, त्याने होते. बनवणाऱ्यांना हे चांगलं उमगलेलं दिसतं, कारण गेम आपल्याला सारखा एकमेकांपासून तोडत राहतो. काही भुतं स्पिरिट बॉक्सवर, म्हणजे भुताशी बोलायच्या रेडिओवर, फक्त एकट्या माणसाला उत्तर देतात, म्हणजे अंधाऱ्या खोलीत कुणीतरी एकट्याने जायलाच हवं. बहुतेक भुतं टीमची सरासरी सॅनिटी, म्हणजे अंधारात घटत जाणारी मनाची स्थिरता, 50 टक्क्यांच्या खाली गेली की हंट सुरू करतात, त्यामुळे एकजण अंधारात रेंगाळला तरी त्याची किंमत सगळ्यांना मोजावी लागते. बॅन्शी ही भुताची जात तर चौघांतला एकच जण हेरते आणि त्याच्याच मागे लागते. (2013 च्या 'डेड स्पेस 3'मध्येही अशी एक सुरेख कल्पना होती: एका खेळाडूच्या कार्व्हरला दिसणारे भास दुसऱ्याच्या आयझॅकला दिसतच नाहीत. दोघं एकाच खोलीत आणि दृश्य वेगळं.)

आता उणी बाजू. पाचव्या महिन्यापासून भीती ओसरली, हे खरं आहे. तीन पुरावे गोळा करायचे, भूत ओळखायचं, हे एकदा हातात बसलं की पावलांच्या वेगावरून अंदाज बांधणं सुरू होतं आणि भुताचं कोडं होऊन जातं. पण ते को-ऑपमुळे झालं म्हणणं मला पटत नाही. मी आठवडाभर एकट्याने खेळून पाहिलं, तिथेही तेच झालं. उलट लवकर झालं, कारण वॉकी-टॉकीवर बंद पडायला कुणाचा आवाजच नव्हता.

नवा माणूस आला की मात्र जुनी भीती परत येते. गेल्या महिन्यात एकाच्या बहिणीला घेतलं. तिचा श्वास माइकवर जोरजोरात ऐकू येत होता आणि आठ महिने मुरलेले आम्ही तिघे नकळत तिच्यासारखंच कुजबुजत बोलायला लागलो होतो.

घेणार असाल तर वेगळा कॉल लावू नका, आणि मेलात तर फोनवर मेसेजही टाकू नका. आमच्यात हा नियम आता काटेकोर आहे. परवा मी पहिल्या पाच मिनिटांत मेलो आणि तिघं मला घरभर हाका मारत हिंडताना ऐकत बसलो. एकजण माझ्या प्रेतापासून दोन पावलांवर उभा राहून विचारत होता, "ऐकू येतंय का तुला?"