मुंबई ते कुडाळ: विमान की रेल्वे?

चतुर्थीला घरी विमानाने जावं की गाडीने, असं हल्ली ऑफिसातले दोघं-तिघं विचारतात. मी दोन्ही करून बघितलंय. राहतो डोंबिवलीत, घर कुडाळहून दहा किलोमीटर आत, तेव्हा माझा हिशेब या दोन टोकांमधला. तुमचं घर गोव्याच्या हद्दीजवळ, बांद्याला किंवा पेडण्याला असेल तर पुढचं बरंचसं उलटं धरा.

खरं तर आम्हाला जवळचा विमानतळ चिपीचा. ९ ऑक्टोबर २०२१ला त्याचं उद्घाटन झालं तेव्हा आमच्या वाडीत सगळेच हवेत होते. पण तिथली मुंबईची सेवा कधी चालू, कधी बंद. तिच्या भरवशावर चतुर्थीचा बेत आखायचं धाडस मला होत नाही. म्हणून माझ्यासाठी विमान म्हणजे उत्तर गोव्यातला मोपा विमानतळ.

गेल्या खेपेला महिनाभर आधी काढलेलं तिकीट ३,९०० रुपयांना पडलं, घरापासून विमानतळापर्यंतची टॅक्सी ९०० वेगळी. सणाच्या आठवड्यात यात किती भर पडते ते तुम्हाला ठाऊक आहेच. हवेत जेमतेम सव्वा तास. पण पहाटे पाचला घर सोडलं, विमान तासभर उशिरा सुटलं आणि अंगणात पाय ठेवला तेव्हा साडेबारा वाजले होते. रेल्वेने रात्री अकराला निघतो, ठाण्याला कोकणकन्या पकडतो आणि सकाळी नऊच्या आसपास घरी चुलीजवळ असतो. थ्री टियर एसीचे हजारच्या आसपास, स्लीपरचे त्याच्या निम्म्याहून कमी. घड्याळात दोन-अडीच तास जास्त दिसतात, पण त्यातले सहा मी झोपलेला असतो. ज्यांना गाडीत झोप लागत नाही त्यांनी हे वाक्य सोडून द्यावं.

इथपर्यंत कुणी म्हणेल की फरक फक्त पैशांचा. मीही तसंच धरून चाललो होतो.

घोडं अडलं ते मोपाहून घरी जाताना. तिथून आमचं घर साठेक किलोमीटर. टॅक्सीचा आकडा ऐकून मी घरी फोन केला, तर चुलतभाऊ म्हणाला, “तू गाडयेचा कित्याक बघतंस? मी येतंय.” आला. चतुर्थीच्या तोंडावर, दुकानात माटवीच्या, म्हणजे गणपतीवर बांधायच्या सजावटीच्या, सामानाची गर्दी असताना, शटर ओढून आला. विमान उशिरा म्हणून तासभर बाहेर उभा राहिला. पेट्रोलचे पैसे देऊ केले तर तोंड फिरवलं. परत जायच्या दिवशी तेच. म्हणजे माझे वाचलेले दोन तास त्याच्या खिशातून गेले, वर त्याचं गिऱ्हाईक गेलं ते निराळंच. कुडाळ स्टेशनवर मी उतरतो तेव्हा तो दुकान उघडत असतो. मी रिक्षा करतो, कुणाला फोनसुद्धा करत नाही.

नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून डोंबिवलीच्या बाजूचा ताप कमी झालाय, हे मान्य. माझी अडचण मात्र दुसऱ्या टोकाला आहे.

रेल्वेचं कौतुक करताना लपवाछपवी नको. वीर स्टेशनच्या पुढे मार्ग बहुतेक एकेरी, त्यामुळे क्रॉसिंगला गाडी कुठल्यातरी स्टेशनात निवांत उभी राहते आणि आपण डोळे किलकिले करून पाटी वाचत बसतो. जूनच्या मध्यापासून पावसाळी वेळापत्रक, वेग कमी, आणि चतुर्थी नेमकी त्याच काळात येते. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. सकाळी आठला बोट स्क्रीनवर ठेवून बसलात तरी वेटिंग हातात येऊ शकतं. वंदे भारत झकास आहे, पण ती कुडाळला थांबत नाही. कणकवलीला उतरून परत गाडी बघा, म्हणजे पुन्हा भाऊच.

लक्झरी बसचं विचारू नका. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११पासून चाललंय, माझी कंबर त्याहून जुनी आहे.

आईवडील थकलेले असतील, वरचा बर्थ वाट्याला येणार असेल किंवा घरून वाईट बातमी आली असेल तर विमानच घ्या. मीही घेईन.

यंदा तुतारी एक्सप्रेसचं वेटिंग ४२वर आहे. कन्फर्म झालं नाही तर मोपाचं तिकीट काढावं लागेल, पण घरी कळवणार नाही. टॅक्सीचे पैसे मोजेन आणि मी रेल्वेने आलो असंच सांगेन.