लादाच्या चित्रांचा जुना ‘श्वेइक’: बरेच महिने वाचल्यानंतर

आधी वस्तूबद्दल सांगते, म्हणजे ज्यांना घ्यावं की नाही एवढंच बघायचंय त्यांचं काम होईल. चेक लेखक यारोस्लाव हाशेकचा ‘गुड सोल्जर श्वेइक’, म्हणजे पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात गेलेल्या श्वेइक नावाच्या चेक शिपायाची विनोदी कादंबरी, सेसिल पॅरटचं इंग्रजी भाषांतर, पेंग्विनची सत्तरच्या दशकातली पेपरबॅक, आत योसेफ लादाची चित्रं. ऑनलाइन सेकंडहँड घेतलं. विक्रेत्याने कंडिशन ‘व्हेरी गुड’ लिहिली होती, प्रत्यक्षात स्पाइनचा डिंक वाळून खडखडीत, कागद पार पिवळा, आणि पान जरा जास्त उघडलं की कट्ट आवाज. साडेसातशे पानं आणि टाइप बारीक, त्यामुळे लोकलमध्ये उभ्याने वाचणं विसरा. पहिल्याच महिन्यात मधला एक गठ्ठा सुटून हातात आला, मग फेविकॉलचा पातळ हात देऊन रात्रभर वर वरवंटा ठेवला, तेव्हापासून टिकलंय.

चित्रांना मात्र काही म्हणजे काही झालेलं नाही. लादाची रेषा जाड, काळी, ठसठशीत, सावल्याबिवल्या नाहीत, लांबचं-जवळचं दाखवायची फार खटपट नाही, त्यामुळे कागद कितीही पिवळा पडला तरी चित्र तेवढंच कडक दिसतं. लादा मोच्याचा मुलगा, १८८७चा, प्रागजवळच्या ह्रुसित्से गावचा, लहानपणीच एका डोळ्याची दृष्टी गेलेली. सपाट चित्रं त्यामुळेच का, हा माझा आपला अंदाज. हाशेकचा तो दोस्त, काही काळ हाशेक त्याच्याच घरी मुक्काम ठोकून होता.

गंमत अशी की आज जगभर श्वेइक म्हणून जो गोल तोंडाचा, दाढीचे खुंट वाढलेला, पाइप ओढणारा जाड्या माहितीये तो बहुतांशी लादाचा आहे. हाशेकने त्याच्या रूपाबद्दल फार काही लिहिलेलंच नाही. १९२१ साली पुस्तक सुटेसुटे भाग काढून विकायला सुरुवात झाली तेव्हा लादाने कव्हर केलं होतं, पण चित्रमालिका आली हाशेक गेल्यानंतर. तो ३ जानेवारी १९२३ला गेला, वयाची चाळिशीही पाहिली नाही. शेवटी शेवटी लिप्नित्से गावात आजारी पडून मजकूर दुसऱ्याला सांगून लिहून घेत होता, आणि ठरवलेल्या सहापैकी चौथा भाग अर्धवट राहिला.

आता मुद्द्याचं. हे पुस्तक चित्रांशिवाय घेऊ नका. मी आधी बिनचित्रांची फाइल मोबाइलवर वाचायला घेतली होती आणि दोनशे पानांच्या आत कंटाळले, कारण श्वेइक बोलायला लागला की थांबत नाही, प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे ‘आमच्या ओळखीतला एक होता’ टाइपचा किस्सा तयार. हा माणूस खरंच मठ्ठ आहे की पक्का बेरकी, हे हाशेक शेवटपर्यंत सांगत नाही आणि वाचताना आपण सारखे तेच शोधत बसतो. चित्रांत काय होतं, बाकी सगळे ओरडतायत, घाबरलेत, दारू पिऊन पडलेत, आणि श्वेइकचा चेहरा तोच, शांत, मदतीला तत्पर. ते पाहिलं की तो प्रश्नच सुटतो, म्हणजे उत्तर मिळत नाही पण आपण विचारायचं सोडतो आणि मग किस्से जाम मजा द्यायला लागतात.

माझं सगळ्यात आवडतं चित्र व्हीलचेअरचं. श्वेइकला संधिवात झालाय, तरी सैन्यात भरती व्हायचंच म्हणून मोलकरीण मिसेस म्युलर त्याला ढकलत नेतेय आणि हा कुबड्या उंचावून ‘बेलग्रेडवर चला!’ (म्हणजे शत्रूच्या, सर्बियाच्या राजधानीवर) ओरडतोय. डोक्यावर लष्करी टोपी, कोटाला फुलं, मागे जमलेली गर्दी. त्या बाईचा चेहरा बघा फक्त, देशभक्तीशी तिचा काही संबंध नाही, तिला खुर्ची ढकलायचीये. मी या एका पानावर किती वेळा परत गेलेय.

माझे सासरे लष्करातून रिटायर झालेले, इंग्रजी कादंबऱ्यांच्या वाटेला जात नाहीत. चित्रं बघत बघत लेफ्टनंट दुबपाशी आले, तो जो सैनिकांना सारखं म्हणत असतो की तुम्ही मला अजून ओळखत नाही, माझी वाईट बाजू बघाल तेव्हा रडाल. मी तेवढं वाचून दाखवलं तर म्हणाले, “अगं, हा आमच्या युनिटला होता! नाव वेगळं होतं, एवढंच.” नंतर पुस्तक आठवडाभर त्यांच्याच उशाशी.

सगळंच गोड नाही. तिसऱ्या भागात रेल्वेने गॅलिशियाकडे, म्हणजे रशियाविरुद्धच्या आघाडीकडे, जातात तो प्रवास रेंगाळतो, तिथे मी पानं उलटलीत. त्याउलट दुसऱ्या भागातली पायपीट अफाट आहे: ताबोरला गाडी चुकते, रेजिमेंट बुद्येयोवित्सेला, आणि हा चालत निघतो तो गोल फिरून पुन्हा वाटेतल्या पुतिम गावालाच. तिथला पोलीस त्याला रशियन हेर समजून विचारतो की फोटो काढता येतात का, स्टेशनचा काढता येईल का. श्वेइक म्हणतो ते तर सगळ्यात सोपं, स्टेशन हलत नाही आणि त्याला हसा म्हणून सांगावंही लागत नाही. मी मोबाइलवर नकाशा उघडून तो सगळा रस्ता बोटाने काढला, वेड लागायची पाळी.

आणखी एक. लादाची चित्रं प्रसन्न आहेत, हाशेक तेवढा प्रसन्न नाही. आजाराचं सोंग करतात अशा संशयाने पोरांना उपाशी ठेवून पोटं धुणारं, एनिमा देणारं ते लष्करी हॉस्पिटल, किंवा पबवाला पालिवेत्स, ज्याच्या भिंतीवरच्या ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या तसबिरीवर माश्यांनी घाण केली म्हणून त्याने ती माळ्यावर टाकली आणि त्यापायी दहा वर्षं आत गेला, हे वाचताना पोटात गोळा येतो. चित्रं तो काळेपणा थोडा मऊ करतात. मला चाललं, काहींना नाही चालणार.

१९३०चं पॉल सेल्वरचं जुनं भाषांतरही सेकंडहँडमध्ये दिसतं, त्यात बरीच काटछाट आहे, ते टाळा. पॅरटचं १९७३चं, संपूर्ण आहे. शिवाय हा माणूस प्रागमध्ये ब्रिटिश राजदूत होता, त्यामुळे त्याची प्रस्तावना वगळू नका. हार्डबॅक परवडली तर तीच घ्या. पेपरबॅक घेणार असाल तर विक्रेत्याकडून स्पाइनचा आणि पुस्तक मधोमध उघडून एक असे दोन फोटो मागवा, नुसतं कव्हर बघून पैसे पाठवू नका.