अकरा महिने गोडोवर: एसटीचा खेळ आणि जोडाक्षरांची परीक्षा

गेम इंजिन, म्हणजे खेळ बनवायचं सॉफ्टवेअर, कुठलं घेऊ असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं. नोकरी हवी तर युनिटी, भारी ग्राफिक्स हवेत तर अनरियल, फुकटात भागवायचं तर गोडो. मीही हेच ऐकत होतो. पण माझा निकाल लागला तो भलत्याच गोष्टीवर. माझ्या खेळातली माणसं मराठी बोलतात, आणि 'कुऱ्हाड' हा शब्द पडद्यावर कुऱ्हाड असाच दिसायला हवा होता.

खेळ साधा, टूडी. तुम्ही एसटीचे कंडक्टर. प्रवासी चढतात, गाव सांगतात, पुढचा थांबा यायच्या आत तिकीट द्यायचं आणि सुटे परत करायचे. सवलतींचे नियम खऱ्या एसटीचेच घेतलेत: बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट प्रवास. गर्दी वाढली की डोकं चालेनासं होतं, तीच मजा. दिवसा नोकरी, रात्री जेवणं आटोपली की हे काम. लॅपटॉप जुना, आठ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

अशा लॅपटॉपवर अनरियल म्हणजे लुनावर ट्रकभर ऊस लादणं. त्याचा मान कमी करायचा नाहीये. पुण्यात बनलेला आणि २०२० साली आलेला 'राजी' अनरियलवरच उभा आहे आणि दिसतो तर काय! पैशाच्या अटीही वाईट नाहीत. एका खेळाची कमाई दहा लाख डॉलरच्या पुढे गेली तरच वरच्या रकमेवर पाच टक्के द्यायचे. माझ्या खेळाने दहा लाख रुपये मिळवले तरी देव पावला.

युनिटीचं प्रकरण वेगळं. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी खेळ जितक्या वेळा इन्स्टॉल होईल तितक्या वेळा शुल्क घ्यायचं जाहीर केलं आणि जगभरचे खेळ बनवणारे खवळले. अट होती दोन लाख डॉलर कमाई आणि दोन लाख इन्स्टॉल्स यांच्या पुढची, म्हणजे माझ्यासारख्याला त्याची झळ कधीच लागली नसती. आरडाओरडा झाल्यावर अटी सैल झाल्या, प्रमुख पायउतार झाले आणि वर्षभरानंतर, सप्टेंबर २०२४ मध्ये ते शुल्क रद्दच झालं. तरी माझ्या मनातून ते गेलं नाही. घरमालकाने भाडेवाढ मागे घेतली तरी आपण नवीन जागा बघायला लागतोच ना, तसं. गोडोचा परवाना एमआयटी, म्हणजे कुणीही फुकट वापरा, बदला, वाटा असा. आज उतरवून घेतलेली आवृत्ती उद्या कुणाचंही मन बदललं तरी माझीच राहते.

आता मुख्य परीक्षा. कोऱ्या प्रोजेक्टात मी एकच वाक्य टाकतो: 'वाऱ्यावर कुऱ्हाड परजत विठ्ठल क्षितिजाकडे निघाला.' गोडोच्या तिसऱ्या पिढीत हे वाक्य कोसळतं. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, हलंत उघडे पडतात, ऱ्हा फुटतो. दुसऱ्या एका इंजिनात मी हेच भोगलं होतं. शेवटी संवाद चित्रं करून चिकटवले, आणि एक शुद्धलेखनाची चूक सापडली की पुन्हा नवं चित्र. मार्च २०२३ मध्ये आलेल्या ४.० पासून गोडो मजकूर हार्फबझमधून, म्हणजे अक्षरं जोडून नीट आकार देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, जुळवतो. नोव्हेंबरात मी ४.३ वर तेच वाक्य टाकलं आणि ते सरळ, शुद्ध उभं राहिलं. त्या रात्री दुसरं काहीच केलं नाही, नुसते शब्द टाकत बसलो. द्वंद्व, तऱ्हा, श्रीवर्धन, उच्छ्वास.

पण खाचखळगे आहेत, आणि ते इंग्रजी व्हिडिओंत कुणी सांगत नाही. संवाद एकेक अक्षर टंकल्यासारखा उमटवायचा असेल तर लेबलची, म्हणजे पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या चौकटीची, मूळ सेटिंग मजकूर आधी तोडते आणि मग जुळवते. म्हणजे 'क्षि' येताना आधी क, मग पाय मोडका क्, मग क्ष, मग क्षि. अक्षरं तोतरी झाल्यासारखी वाटतात. त्याच खान्यात 'कॅरेक्टर्स आफ्टर शेपिंग' असा पर्याय आहे, तो निवडला की रोग बरा. मला हे सापडायला तीन आठवडे लागले, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

दुसरा खड्डा लांबीचा. डेपोत गावाच्या फलकावरची गळलेली अक्षरं भरायचा एक छोटा खेळ आहे. 'अक्कलकोट'ची लांबी विचारली तर इंजिन आठ सांगतं, कारण ते हलंत आणि काना-मात्राही मोजतं. आपण पाच मोजतो: अ, क्क, ल, को, ट. हलंत आला की पुढचं व्यंजन त्याच अक्षरात घ्यायचं, मात्रा आली की मागच्याला चिकटवायची, असं दहाबारा ओळींचं फंक्शन मी स्वतः लिहिलं. सोपं आहे, पण लिहावं लागतं.

तिसरी फजिती माझ्याच आळसाची. गोडोच्या मूळ फाँटात देवनागरी नाही. लॅपटॉपवर तरीही सगळं दिसत होतं, कारण तिथे तो गुपचूप सिस्टीमचा फाँट उसना घेतो. ब्राउझरवाली आवृत्ती मित्राला पाठवली आणि त्याचा स्क्रीनशॉट आला: चौकोन, चौकोन, चौकोन. वेबवर उसनवारी चालत नाही. फाँटची फाईल प्रोजेक्टमध्येच ठेवा. आणि लेबलच्या भाषेच्या खान्यात मराठीचा कोड भरा. फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असतील तर ते येतात. नाहीतर फलकावर हिंदी वळणाचा ल बसतो. कुणाच्या लक्षात येत नाही म्हणा, मला येतो.

बाकी रोजचं काम सुखाचं. एक बाक बनवायचा, तो सीन (पुन्हा पुन्हा वापरता येणारा तुकडा) म्हणून जतन करायचा, बसमध्ये त्याच्या हव्या तितक्या प्रती टाकायच्या. मूळ बाकाचा रंग बदलला की सगळे बदलतात. प्रवाशाने हाक मारली की सिग्नल सुटतो, कंडक्टर तो ऐकतो. गोडोची कोड लिहायची भाषा, जीडीस्क्रिप्ट, पायथनची चुलत बहीण आहे, आठवड्यात हाताला बसली. संपूर्ण एडिटर एका झिपमध्ये मावतो, इन्स्टॉल करायची भानगड नाही.

सीन साध्या मजकुराच्या फाईली असल्याने गिटमध्ये (फाईलींतले बदल नोंदवून ठेवणारं साधन) नेमकं काय बदललं ते वाचता येतं. ४.४ वर गेलो तेव्हा प्रत्येक स्क्रिप्टशेजारी एकेक यूआयडी फाईल (त्या स्क्रिप्टचा ओळख क्रमांक) उगवली. कचरा समजून उडवू नका, गिटमध्ये ठेवा. फोल्डरचं नाव बदलायचं तर एडिटरमधूनच बदला. मी बाहेरून बदललं आणि अर्धी बस बेपत्ता झाली.

शिकताना खरा त्रास जुन्या धड्यांचा. अजून निम्मे व्हिडिओ तिसऱ्या आवृत्तीचे निघतात, त्यात हलणाऱ्या पात्राच्या घटकाला कायनेमॅटिकबॉडी म्हणतात, आता त्याचं नाव कॅरेक्टरबॉडी आहे. कोडला थांबायला सांगणारा यील्ड हा शब्द जाऊन अवेट आलंय. व्हिडिओची तारीख बघूनच बसा. सी शार्प ही भाषा येत असेल तर गोडो ४ मध्ये चालतं, पण त्यातून वेबवर खेळ काढता येत नाही. प्लेस्टेशन, स्विच वगैरेंसाठी अधिकृत सोय नाही, बाहेरच्या कंपन्यांकडे जावं लागतं. आणि नोकरीसाठी शिकणार असाल तर माझं ऐकू नका, आधी जाहिराती वाचा. मला तरी त्यांत युनिटीच जास्त दिसतं.

सध्या खेळ फोनसाठी बांधतोय. वैयक्तिक नव्या खात्यावर खेळ सगळ्यांसाठी खुला करण्याआधी प्ले स्टोअरला बारा परीक्षक सलग चौदा दिवस लागतात. अकरा जमलेत. बारावी म्हणून आत्याला घेतलं. तिने पहिल्याच फेरीत ऐंशीच्या आजोबांकडून पूर्ण तिकीट वसूल केलं, आणि खेळाने तक्रार केल्यावर मलाच म्हणाली, ''अरे, त्यांनी वय सांगितलंच नाही!'' बघितलं तर खरंच, त्यांचा संवाद लेबलच्या बाहेर कापला जात होता.