पाकट आणि खोकड : एका चित्रसंचाविषयी

नाशिकच्या मेन रोडवरील एका पुस्तकांच्या दुकानातून मी सहा वर्षांच्या नातीसाठी दोन-दोन प्राण्यांची तुलना करणारा मराठी चित्रसंच 350 रुपयांना घेतला. पाकट या चपट्या माशाचे चित्र अतिशय उत्तम आहे. डोळे वरच्या बाजूला, तोंड आणि कल्ल्यांच्या फटींच्या पाच जोड्या पोटाकडे, आणि वाळूत दडून बसल्यावर तोंडातून रेती आत जाऊ नये म्हणून डोळ्यांमागील छिद्रांतून पाणी ओढून घेण्याची सोय, हे सारे त्यात नेमके दाखवले आहे. शेपट्यांची तुलना तर नातीने बोट ठेवून पुन्हापुन्हा पाहिली. एकीवर विषारी काटा, दुसरी झुपकेदार.

शेजारच्या चित्रात मात्र मोठी चूक आहे. लांब टोकदार कान आणि काळ्या टोकाची शेपटी असलेला तो प्राणी उघडच खोकड आहे, पण खाली नाव छापले आहे ‘कोल्हा’. कोल्हा हा लांडग्याच्या जवळचा आणि खोकडाहून बराच मोठा. माळरानावर बिळे करून राहणारे, उंदीर, सरडे, किडे आणि बोरे खाणारे खोकड वेगळे. ज्या जिल्ह्यात येवला-सिन्नरसारखी माळराने आहेत, तेथील मुलांना ही नावे चुकीची शिकवली जावीत याचे मला मनापासून वाईट वाटले.

कागद जाड आहे, छपाई स्वच्छ आहे. नाव दुरुस्त करून द्यावे, असे मी दुकानदारांमार्फत प्रकाशकांना लेखी कळवले आहे. तोवर घेणाऱ्यांनी त्या चित्राखाली पेनाने ‘खोकड’ असे लिहून मगच संच मुलांच्या हाती द्यावा.