सोनी ७०-२०० जीएम टू : चौदा महिने, एक लग्नसराई आणि दोन वाऱ्या

आधी सांगते, ही लेन्स मी दुसऱ्यांदा घेतली आहे. म्हणजे हीच नव्हे, हिची थोरली बहीण. सोनीची पहिली ७०-२०० एफ २.८ जीएम २०१६ साली आली. (७०-२०० म्हणजे मिलिमीटरमधली झूमची रेंज, आकडा मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं. एफ २.८ म्हणजे लेन्स किती उघडते, हा आकडा लहान तितका प्रकाश जास्त. जीएम ही सोनीची वरची मालिका.) माझ्याकडे ती बऱ्याच उशिरा आली, सेकंडहँड, एका मित्राने कॅमेऱ्याची कंपनी बदलली तेव्हा. चार सीझन वापरली. फोटोंबद्दल तक्रार नव्हती, तक्रार मनगटाची होती. १४८० ग्रॅमची लेन्स, मागे कॅमेऱ्याची बॉडी, वर फ्लॅश, आणि लग्न म्हणजे सकाळच्या सीमांतपूजनापासून रात्रीच्या पाठवणीपर्यंत बारा-चौदा तास. दुपारी पंगती बसल्या की ती गाडीच्या डिकीत जायची आणि बहुतेकदा पाठवणीपर्यंत तिथेच पडून राहायची.

गेल्या उन्हाळ्यात एका रात्री लाइटरूममध्ये (फोटो लावायचं-सुधारायचं सॉफ्टवेअर) कुठला फोटो कुठल्या लेन्सचा, असा फिल्टर लावून बघितला. अल्बमला गेलेल्या शंभर फोटोंत ७०-२०० चे जेमतेम आठ. बाकी सगळे २४-७० आणि ८५ चे. एवढे पैसे घालून घेतलेली वस्तू डिकीत झोपते, तर ती विकावी तरी किंवा हलकी तरी घ्यावी.

विकून मोकळं व्हायचंच मनात होतं. पण ते आठ फोटो उघडून बघितले आणि अडकले. मांडवाच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून चप्पल काढून पाय चोळणारी आजी. मुलीचं कन्यादान चालू असताना खांबाआड जाऊन चष्मा पुसणारे वडील. हे फोटो ३५ मिलिमीटरच्या लेन्सने, म्हणजे जवळ जाऊन, मिळत नाहीत. जवळ गेलं की माणूस लगेच सावरतो, पदर नीट करतो, हसतो.

मग शोध सुरू झाला. समोर चार नावं होती. सोनीची एफ ४ जी टू, ७९४ ग्रॅमची, आणि तिला क्लोजअप असा जमतो की वस्तू सेन्सरवर निम्म्या आकाराची उतरते. मंगळसूत्राच्या वाट्या, मेंदीत लपवलेलं नाव, जोडवी, या सगळ्यासाठी वेगळी मॅक्रो बाळगायला नको. टॅमरॉनची ७०-१८० ची दुसरी आवृत्ती, ८५५ ग्रॅम, एफ २.८ आणि किंमत जीएम टूच्या निम्म्याच्या आसपास. सिग्माची ७०-२०० स्पोर्ट्स, छान लेन्स, पण १३३५ ग्रॅम, म्हणजे माझं दुखणं तिथेच. आणि जीएम टू, १०४५ ग्रॅम, किंमत दोन लाखांच्या वर.

टॅमरॉन मी दोन लग्नांसाठी भाड्याने आणली. खोटं कशाला बोलू, तिच्या फोटोत आणि आताच्या फोटोत फरक दाखवा म्हटलं तर नवरा-नवरीला काय, मलाही दरवेळी दाखवता येणार नाही. लग्नंच करत असते तर तीच घेतली असती. पण दोन गोष्टी आड आल्या. झूम केलं की तिची नळी बाहेर येते, आणि मी दरवर्षी वारीत जाते, जिथे पाऊस, धूळ आणि बुक्का एकाच दिवसात मिळतात. दुसरं म्हणजे सोनीचा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये लावायचं, पल्ला वाढवणारं भिंग) दुसऱ्या कंपनीच्या लेन्सला चालत नाही.

एफ ४ वर मात्र मी महिनाभर अडकले होते. शेवटी हिशेब केला तो ग्रॅमचा. एफ ४ आणि २.८ मध्ये फरक फक्त २५१ ग्रॅमचा. माझी जुनी आणि नवी यांच्यात ४३५. म्हणजे पाव किलो जादा उचलून एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, प्रकाश मिळतो. रात्रीच्या रिसेप्शनला त्या एका स्टॉपने आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश पकडायची ताकद, वाढवली की फोटोत दाणे येतात) १२८०० चा ६४०० होतो. डेकोरेशनवाल्यांनी सगळीकडे जांभळे दिवे लावलेले असले की हा फरक कातडीच्या रंगात लगेच कळतो. पाव किलो म्हणजे पिशवीतली तूरडाळ, तेवढं मनगट सोसतं.

आता गंमत ऐका. २.८ म्हणून घेतलेली लेन्स मी मंगलाष्टकांच्या वेळी एफ ४ वरच लावते.

कारण साधं आहे. २०० वर, पाच मीटरवरून, २.८ ला धारदार राहणारा पट्टा साधारण दहा सेंटिमीटरचा. आंतरपाट धरलेला असतो तेव्हा मी बाजूच्या वाटेवरून, तिसऱ्या-चौथ्या रांगेशी, तिरकी उभी असते. स्टेजवर जागा नसतेच. तिथे दोन व्हिडिओवाले, ड्रोनवाला, मामा आणि करवल्या. त्या तिरक्या कोनातून नवरीचा डोळा आणि नवऱ्याचा डोळा एका रेषेत येत नाहीत. २.८ ला एकजण चकचकीत, दुसरा मऊ. एफ ४ ला तो पट्टा पंधराच्या आसपास जातो, आणि मी दोन पावलं सरकून कोन थोडा सरळ केला की दोघं येतात.

तो क्षण फार छोटा असतो. ‘शुभमंगल सावधान’ झालं, आंतरपाट बाजूला गेला, ताशा सुटला, मांडव उठून उभा राहिला. नवरी आधी खाली बघते, मग वर. त्या खाली आणि वरच्या मध्ये हवेत अक्षता असतात, शेकडो. जुन्या लेन्सचा फोकस कधीकधी नाकासमोरून जाणाऱ्या अक्षतांवर उडी मारायचा. परत चेहऱ्यावर येईपर्यंत नवरी हार घालायला वळलेली. या लेन्समध्ये फोकस हलवायला चार लिनिअर मोटर आहेत. बॉडीत (माझी ए सेव्हन फोर) ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी (मध्ये काही आलं तर फोकस किती पटकन उडी मारतो ते) १ वर, म्हणजे सगळ्यात कमी, ठेवली की ती डोळा सोडत नाही. चौदा महिन्यांत अक्षतांनी माझा एक फोटो खाल्लाय. तोही दोष माझा, मोड बदलायला विसरले होते.

अंतराचंही सांगते, म्हणजे नवीन मुलांना अंदाज येईल. उभ्या फ्रेममध्ये अख्खा माणूस, डोक्यावर-पायाखाली थोडी जागा सोडून, २०० वर घ्यायचा तर तुम्हाला अकरा मीटर मागे जावं लागतं. लहान कार्यालयात अकरा मीटर म्हणजे तुम्ही थेट जेवणाच्या हॉलच्या दारात. मग अख्खे फोटो ७० ते १००, आणि २०० फक्त चेहरे, हात, डोळे. दुकानात गेलात की आधी हे मोजून बघा. घराघरांत, वाड्यांत, सोसायटीच्या टेरेसवर लग्नं करत असाल तर ८५ पुरेल आणि उरलेल्या पैशात लाइट घ्या.

माझ्याकडून झालेला घोळही सांगते. या लेन्सला अपर्चरची, म्हणजे प्रकाश येणारं भोक लहान-मोठं करायची, रिंग आहे. ‘ए’ वर ठेवली की अपर्चर बॉडीवरून बदलतं. ‘ए’ च्या लगेच शेजारी काय आहे, तर २२, म्हणजे सगळ्यात लहान भोक. दुसऱ्याच लग्नात खांद्यावरून लेन्स पुढे घेताना शालूच्या जरीत की कुणाच्या पर्समध्ये रिंग अडकली आणि सरकली. माझा शटर ठरलेला, आयएसओ ऑटो. लाजाहोम चालू, व्ह्यूफाइंडरमध्ये धुरामुळे सगळं करडंच दिसत होतं, म्हणून मला काही वावगं वाटलं नाही. सत्तेचाळीस फोटो एफ २२ वर गेले, आयएसओ वरच्या मर्यादेला टेकलेला. घरी येऊन बघितलं तर रांगोळीसारखे दाणेच दाणे. दुसऱ्या कॅमेऱ्यावर सहायक मुलाने घेतलेले होते म्हणून वाचले. लेन्सवर ‘आयरिस लॉक’ नावाचं बारीक बटण आहे, ते याचसाठी. मी आता ते लॉक करून वर गॅफर टेप (कापडी चिकटपट्टी) लावलाय. दोन लाखांच्या लेन्सवर टेप बघून लोक हसतात, हसू देत.

लेन्सच्या पायाची तक्रार मात्र खरी. ट्रायपॉडला लावायचा पाय निघतो (१०४५ ग्रॅम हे वजनही तो काढूनचं), पण त्याला आर्का खाच (ट्रायपॉडच्या पकडीत थेट बसणारी) नाही. एवढ्या किमतीत खाच पाडायला काय जड जात होतं? वेगळी प्लेट लावा किंवा बाहेरच्या कंपनीचा पाय घ्या. मी पाय घरीच ठेवते. हूडला (लेन्सपुढचं प्रकाश अडवणारं झाकण) बारीक खिडकी आहे, पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) फिरवायला. ती आपोआप उघडते आणि मग तिथून कडेचा प्रकाश येतो. तिलाही टेप.

रंग पांढरा. पहिल्याच हळदीला नवऱ्याचे काका, हात कोपरापर्यंत पिवळे, ‘ताई, ही तोफ जरा बाजूला घ्या’ म्हणत त्यांनी स्वतःच तोफ बाजूला घेतली. पाच बोटं उमटली. ओल्या फडक्याने पुसलं, पसरलं. साबणाचं फडकं, किंचित फिकं. पार वैतागले होते. आई म्हणाली, अगं हळद आहे ती, उन्हात जाते. आपल्या घराघरांत हे माहीत असतं, कपड्यावरची हळद धुऊन नाही, वाळत घालून जाते. मी काही लेन्स दोरीवर घातली नाही, पण पंधरा दिवसांनी दिवे घाटात दिवसभर खांद्यावर होती आणि संध्याकाळी सासवडला बघते तर बोटं गायब. फक्त कोरलेल्या अक्षरांच्या खाचेत पिवळं राहिलंय.

दिवे घाटाचाच विषय निघालाय तर लेन्सची खरी परीक्षा तिथे झाली. पुण्याचा मुक्काम आटोपून माउलींची पालखी सासवडकडे निघते ती या घाटातून. वळणावर उंच उभं राहिलं की खालून दिंड्या चढताना दिसतात. २०० वर त्या वळणाचे पदर एकावर एक चढतात, पताका पताकेला चिकटते. हा फोटो आता सगळ्यांकडे असतो, माझ्याकडेही आहे, त्यात माझं काही नाही. मला जास्त आवडला तो पावसाचा अर्धा तास. आडवा पाऊस, प्लॅस्टिकचे कागद पांघरलेल्या बायका, डोक्यावर तुळस. लेन्सवर मी फक्त हॉटेलातली शॉवर कॅप चढवली होती, ती समोरून फाडून. झूम आतल्या आत फिरतं, नळी बाहेर येत नाही, त्यामुळे ओली नळी आत ओढायचा प्रश्नच नाही. ही लेन्स वॉटरप्रूफ नाही, कंपनीही तसं म्हणत नाही. पण घरी येऊन पुसली, रात्रभर कपाटात सिलिका जेलच्या डब्यात ठेवली, काचेच्या आत वाफ नाही, अजून बुरशी नाही. कोकणात राहणाऱ्यांनी मात्र सरळ ड्राय कॅबिनेट घ्यावं, डब्यावर विसंबू नये.

रिंगणाला पुरंदवड्याला गेले होते, या वर्षी दुसऱ्यांदा. माउलींचा अश्व स्वाराशिवाय धावतो, पुढे जरीपटका घेतलेल्या स्वाराचा. वर्तुळात तो तुमच्यासमोरून जातो तेव्हा फार तर दोन सेकंद. डोळा ओळखण्याच्या भानगडीत न पडता झोन (फ्रेमच्या ठरावीक भागातच फोकस शोधणारा) लावला, एक दोन-हजारांश सेकंद शटर, आणि स्टॅबिलायझर (हाताचा कंप सावरणारा) मोड ३ वर, जो वेड्यावाकड्या हालचालीसाठी असतो. पहिल्या वर्षी जुन्या सवयीने मोड १ ठेवला होता. तेव्हा घोड्यामागे कॅमेरा फिरवताना चित्र रबरासारखं मागे ओढलं जायचं. मोड ३ मध्ये ते नाही. घोडा गेल्यावर लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात. यंदाचा माझा सगळ्यात चांगला फोटो त्या धावणाऱ्यांचा आहे, घोडा त्यात नाहीच. खाली वाकलेली पाठ, मुठीत माती, मागे सगळं विरघळलेलं. इथे २.८ उघडं ठेवलं होतं आणि त्याचे पैसे वसूल झाले.

पक्ष्यांसाठी ही घेऊ का असं दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. नका घेऊ. १.४ टेलिकन्व्हर्टर लावून भिगवणला गेले होते, २८० एफ ४ होते. होडीतून रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा चांगला येतो, पण एकटा बगळासुद्धा क्रॉप करावा, म्हणजे कापून मोठा करावा, लागतो. पक्ष्यांचीच हौस असेल तर २००-६०० बघा.

या चौदा महिन्यांचा फिल्टर परवा पुन्हा लावला. शंभरात चौतीस. जुनी लेन्स अजून विकलेली नाही, सहायक मुलगा वापरतो. तो बावीस वर्षांचा आहे, त्याचं मनगट अजून दुखत नाही.