सीएनसी की व्हीएमसी : आधी कोणत्या मशीनवर उभं राहावं?

भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये ‘सीएनसी’ म्हटलं की लेथ समजायचा आणि ‘व्हीएमसी’ म्हटलं की उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन. खरं तर दोन्ही सीएनसीच, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारी. पण ‘ऑपरेटर पाहिजे’च्या पाटीवर हाच अर्थ असतो, म्हणून आयटीआय झालेल्याने तो धरूनच निवड करावी.

लेथवर जॉब (कापायचा तुकडा) फिरतो, टूल सरकतं. अक्ष दोनच : स्पिंडलच्या रेषेत झेड, त्याला काटकोनात एक्स. पिन, बुश, शाफ्ट ही इथली कामं. व्हीएमसीवर टूल फिरतं, जॉब टेबलावर बांधलेला असतो. एक्स, वाय आणि वर-खाली झेड. हाउसिंग, ब्रॅकेट तिकडे.

खरी गोची ऑफसेटची, म्हणजे प्रत्येक टूलच्या मापासाठी कंट्रोलमध्ये भरलेल्या आकड्याची. फॅनुक कंपनीचं कंट्रोल धरून बोलू. लेथवर टी०३०३ लिहिलं की पहिल्या दोन आकड्यांनी टरेट (टूल धरणारी फिरती चकती) तिसऱ्या टूलवर येतो आणि पुढच्या दोन आकड्यांनी त्याचा ऑफसेट लागतो. व्हीएमसीवर टी३ एम०६ ने टूल नुसतं स्पिंडलमध्ये येतं. त्याची लांबी लागू होते ती जी४३ एच३ मुळे. एच३ च्या जागी एच२ पडला आणि दुसरं टूल आखूड असलं, की तिसरं टूल रॅपिडमध्येच (कापण्याआधीच्या वेगवान चालीत) जॉबवर आपटतं.

माप सुधारतानाही हिशेब वेगळा. लेथवर एक्स सहसा डायमध्ये (व्यासात) असतो. बाहेरचा डाय ०.०४ मिमी मोठा आला तर वेअरमध्ये (टूलच्या झिजेच्या ऑफसेटमध्ये) पूर्ण ०.०४ वजा करायचे. व्हीएमसीवर डी ऑफसेट (टूलच्या जाडीचा) त्रिज्येत भरला असेल आणि पॉकेट (जॉबमध्ये कोरलेला खळगा) ०.०४ अरुंद आलं, तर ०.०२च कमी करायचे, कारण टूल दोन्ही भिंती कापतं.

कोडही दगा देतात. जी७६ लेथवर आटे पाडतो, व्हीएमसीवर फाइन बोअरिंग करतो. लेथवर जी९९ म्हणजे दर फेऱ्याला फीड (टूल किती सरकतं ते), तिथे एफ०.२ चालतं, व्हीएमसीवर जी९९ म्हणजे ड्रिल झाल्यावर आर पातळीपर्यंतच, म्हणजे जॉबच्या जरासंच वर, परत. मध्ये क्लॅम्प उंच असेल तर पुढच्या भोकाकडे जाताना टूल त्यावर धडकतं. तिथे जी९८ लावा, टूल सुरुवातीच्या उंचीपर्यंत परत येतं.

लेथचा स्वतःचा धोका जी९६, म्हणजे कापण्याचा वेग कायम ठेवायला डाय कमी होईल तसे फेरे वाढवणारा कोड. १०० मी/मिनिट वेगाला ५० मिमी डायवर मिनिटाला साधारण ६३७ फेरे होतात, फेसिंग करत १० मिमीवर आलात की ३१८३. आधी जी५० एस२००० अशी मर्यादा घातली नाही, तर फेरे वाढत जाऊन चकच्या जॉची (जॉब धरणाऱ्या जबड्यांची) पकड सैल पडते.

आमचा कौल आधी लेथला. सॉफ्ट जॉ (चकचे मऊ जबडे) जॉबच्या मापाला बोअर करणं आणि टूल टच करणं (जॉबला टेकवून ऑफसेट घेणं) जमलं की सेटिंगचा पाया झाला. व्हीएमसीवर वाइस डायलने सरळ करा, जी५४ साठी (जॉबच्या शून्यबिंदूसाठी) एक्स-वाय शून्य शोधा, प्रत्येक टूलची लांबी घ्या. चुकायला जागा जास्त. मात्र ड्रॉइंगची तिन्ही दृश्यं पाहून जॉब पटकन डोळ्यापुढे उभा राहत असेल आणि पुढे डाय-मोल्डकडे (साच्यांच्या कामाकडे) किंवा कॅमकडे (संगणकावर प्रोग्राम बनवण्याकडे) जायचं असेल, तर थेट व्हीएमसीच धरा.

मशीन कोणतंही असो, रुजू होण्याआधी एवढं विचाराच : ऑफसेट घ्यायला देणार, की बारा तास नुसते जॉब लावायचे-काढायचे?