आरोप झाल्यावर राजीनामा, की चौकशी संपेपर्यंत पद? एका माजी सरपंचाने केलेली तुलना

पदावरील व्यक्तीवर गैरव्यवहाराचा आरोप झाला, वर्तमानपत्रात बातमी आली आणि तहसील कार्यालयासमोर उपोषणाचा मंडप पडला, की तिच्यापुढे दोन वाटा उरतात. चौकशीच्या निष्कर्षाची वाट न पाहता राजीनामा देऊन बाजूला होणे ही पहिली, आणि आरोप सिद्ध होईपर्यंत पद न सोडता चौकशीला तोंड देणे ही दुसरी. मंत्र्यापासून सरपंचापर्यंत हा पेच सारखाच असतो. २०१९ च्या उन्हाळ्यात मी मराठवाड्यातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील एका गावाचा सरपंच होतो, टँकरच्या खेपा खोट्या दाखवल्याचा आरोप माझ्यावर झाला आणि यातील एक वाट मला निवडावी लागली. आज जो कुणी त्याच अवस्थेत आहे, त्याच्यासाठी हे लिहीत आहे. आरोप खरा असेल तर या आढाव्याचा त्याला उपयोग नाही. आपण निर्दोष आहोत हे ज्याला मनोमन ठाऊक आहे आणि तरीही पुढचे पाऊल सुचत नाही, त्यालाच तो उद्देशून आहे.

पदावर राहण्याची बाजू कमकुवत आहे असे मी म्हणणार नाही. राजीनामा म्हणजे कबुली, असा अर्थ गावात पहिल्याच दिवशी लावला जातो आणि पारावरच्या बोलण्यात तो एकदा रुजला की पुढे अहवाल काहीही आला तरी सहजासहजी निघत नाही. दुसरे म्हणजे दफ्तर हातातून जाते. नंतर येणारा कारभारी विरोधी गटाचा असेल, तर मासिक सभेची इतिवृत्ते, प्रमाणके आणि पावत्या यांचे काय होईल ही धास्ती अगदी खरी असते. कायदाही पदावर राहणाऱ्याला पुरेसा अवधी देतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ३९ खाली सरपंचाला गैरवर्तनासाठी दूर करायचे असेल, तर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांमार्फत चौकशी व्हावी लागते, सरपंचाला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते आणि निर्णय विभागीय आयुक्त घेतात. म्हणजे मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतील अशी प्रकरणे छत्रपती संभाजीनगरला जातात. या सगळ्याला इतका वेळ लागतो की अनेकांची मुदतच संपत येते. थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्धचा अविश्वास ठरावही सदस्यांच्या बहुमताने आटोपत नाही, तो ग्रामसभेपुढे न्यावा लागतो. तेव्हा ज्याला टिकायचेच आहे त्याला टिकता येते.

राजीनाम्याच्या बाजूने बोलताना मात्र एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. राजीनामा दिला की प्रकरण मिटते, असे सांगणारे हितचिंतक पुष्कळ भेटतात. तसे होत नाही. राजीनामा दिलेली व्यक्तीही चौकशीत दोषी आढळली तर तिला अपात्र ठरवण्याची तरतूद त्याच कलमात आहे. म्हणून सुटका हवी म्हणून जो राजीनामा देतो त्याच्या पदरी निराशाच पडण्याची शक्यता अधिक. राजीनाम्याने मिळते ते वेगळेच काही, त्याकडे मी पुढे येतो.

राज्याच्या राजकारणात डोकावले तर दिसते की बहुतेक राजीनामे आपणहून, वेळेत दिलेले नसतात. न्यायालयाचा निकाल किंवा पक्षाचा आदेश आल्यावर ते येतात. बॅरिस्टर अंतुले यांनी जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडले ते सिमेंट प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर. आपल्या निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर मार्च १९८६ मध्ये पायउतार झाले तेही मुलीच्या एम. डी. परीक्षेतील गुणांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर. एप्रिल २०२१ मध्ये गृहमंत्री अनिल देशमुख यांचा राजीनामा आला, तो उच्च न्यायालयाने सीबीआयला प्राथमिक चौकशीचा आदेश दिला त्याच दिवशी. म्हणून कुणी विचारले की अमुक मंत्री राजीनामा देतील का, तर मी आरोपाच्या गांभीर्याकडे फारसा पाहत नाही. न्यायालयात पुढची तारीख कधी आहे आणि पक्षश्रेष्ठींना निवडणूक किती जवळ दिसते, या दोन गोष्टींवरून अंदाज बांधतो.

राजीनाम्याने राजकीय आयुष्य संपते का, या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्याच भागात मिळते. निलंगेकर पुढेही निवडून आले आणि राज्यात पुन्हा मंत्री झाले. नांदेडच्या अशोक चव्हाण यांनी मुंबईतील आदर्श गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणात नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्रिपद सोडले, आणि २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचे राज्यभर पानिपत झाले असताना नांदेडने त्यांनाच निवडून दिले. आर. आर. पाटील यांनी मुंबईवरील हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये गृहखाते सोडले, तर पुढच्याच वर्षी ते त्याच खात्यात परत आले. याउलट उशीर केला की काय होते याचे अलीकडचे उदाहरण बीड जिल्ह्याने पाहिले. मस्साजोगच्या सरपंचांची हत्या ९ डिसेंबर २०२४ रोजी झाली आणि धनंजय मुंडे यांचा मंत्रिपदाचा राजीनामा ४ मार्च २०२५ रोजी आला. त्या गुन्ह्यात त्यांना स्वतःला आरोपी केलेले नव्हते. पण त्यांचे निकटवर्ती म्हणून ओळखले जाणारे आरोपी असताना ते मंत्रिमंडळात राहिल्याने, तपास कितीही नीट चालला असला तरी त्यावर विश्वास ठेवायला माणसे तयार नव्हती. त्या महिन्यांत आमच्या भागातील प्रत्येक मोर्चात एकच प्रश्न होता, की मंत्री पदावर असताना तपास मोकळेपणाने कसा होणार.

राज्याबाहेरची एक जोडीही शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. झारखंडचे हेमंत सोरेन यांनी ३१ जानेवारी २०२४ रोजी अटकेच्या आधी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला, जूनअखेर जामिनावर परतल्यावर जुलैत ते पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि वर्षअखेरच्या निवडणुकीत त्यांच्या आघाडीला सत्ता मिळाली. दिल्लीचे अरविंद केजरीवाल यांना त्याच वर्षी मार्चमध्ये अटक झाली, ते तुरुंगातूनही मुख्यमंत्री राहिले, सप्टेंबरमध्ये जामिनानंतर त्यांनी पद सोडले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पक्षाबरोबर ते स्वतःही हरले. निवडणुकीच्या निकालाला अनेक कारणे असतात, त्यामुळे एवढ्यावरून नियम काढणे योग्य होणार नाही. तरी पद सोडल्याने माणूस कायमचा संपतो ही भीती निराधार आहे, एवढे यावरून नक्की म्हणता येते.

माझा निर्णय मात्र यातल्या कोणत्याही मोठ्या नावाकडे पाहून झाला नाही. तो झाला ग्रामपंचायत कार्यालयातल्या एका दुपारी. टँकर आला की सार्वजनिक विहिरीत पाणी सोडायचे आणि वहीवर गावातील महिलांची सही किंवा अंगठा घ्यायचा, अशी आमच्याकडे पद्धत होती आणि खेपांचे बिल त्या नोंदींवरच निघत असे. साहजिकच चौकशीला आलेल्या विस्तार अधिकाऱ्यांना त्या महिलांचे जबाब हवे होते. दुसरी जागा नव्हती, म्हणून बाहेरच्या खोलीत टेबल लावले आणि मी नेहमीप्रमाणे आतल्या खोलीत माझे काम करीत बसलो. मध्ये फक्त एक पडदा होता. माझ्या आईच्या वयाच्या एका मावशींनी सरळ सांगितले, "ज्या दिशी टँकर आलं न्हाई, त्या दिशी म्या अंगठा दिला न्हाई. अन् सरपंचानं कवा दे म्हणलं बी न्हाई." याहून चांगला पुरावा माझ्यासाठी दुसरा कोणता असू शकला असता? अधिकाऱ्यांनी ते शब्द लिहून घेतले आणि पडद्याकडे पाहत विचारले, "सरपंच आत आहेत का?" मावशी म्हणाल्या, "हाईत की." त्यावर ते काही बोलले नाहीत, जबाबाखाली त्यांनी एक वाक्य वाढवले, की जबाब घेतेवेळी सरपंच कार्यालयात उपस्थित होते.

मावशी खरे बोलल्या होत्या आणि अधिकाऱ्यांनी लिहिले तेही खरेच होते, त्यामुळे तक्रार करावी असे त्यात काही नव्हते. पण त्या एका ओळीने तो जबाब निकामी झाला. थोड्याच दिवसांत विरोधकांचा अर्ज आला, की सर्व साक्षी सरपंचांच्या दबावाखाली झाल्या आहेत, आणि तो खोडून काढायला माझ्याजवळ काहीही नव्हते. तेव्हापासून मला जे दिसू लागले ते सहन होण्यासारखे नव्हते. माझ्या बाजूने बोलणारा प्रत्येक माणूस माझा मिंधा ठरत होता आणि माझ्याविरुद्ध बोलणारा आपोआप निर्भीड ठरत होता. ग्रामसेवक चौकशीसाठी कागद काढून देताना आधी माझ्याकडे पाहत, ती त्यांची रोजची सवय होती, पण समोर बसलेल्या परक्या माणसाला ती परवानगी मागितल्यासारखी दिसे. आरोप आणि बातम्या मी सोसल्या असत्या, उपोषणाचा मंडपही सोसला असता. माझ्यामुळे खरे बोलणाऱ्या म्हाताऱ्या बाईचा शब्द खोटा ठरावा, हे मला सोसवेना. पदावर राहून मी स्वतःचाच पुरावा बाद करीत होतो.

मी राजीनामा दिला आणि जबाब नव्याने घेण्याची लेखी विनंती केली. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत घेतले गेले. मावशी तेच बोलल्या, तेवढ्याच ठामपणे, आणि या खेपेस त्याखाली कोणतीही पुरवणी नव्हती. अहवालात माझ्यावर ठपका आला नाही. याची किंमतही सांगितली पाहिजे. मंजुरीपर्यंत आणलेले पाझर तलावाच्या दुरुस्तीचे काम माझ्या मागे रखडले, त्याचे दुःख मला आजही आहे. आणि काही नव्हते तर राजीनामा का दिला, असे विचारणारे दोन-चार जण गावात अजूनही आहेत. तरीही अहवाल दाखवायची वेळ आली तेव्हा तो दबावातून मिळवला, असे माझ्या कट्टर विरोधकालाही म्हणता आले नाही. पद न सोडता हा अहवाल मिळाला असता, तर त्याला हे वजन आले असते असे मला वाटत नाही.

दोन ठिकाणी मात्र मी माझा हा कल बाजूला ठेवीन. आरक्षित जागेवर निवडून आलेल्या महिलेवर किंवा दलित सरपंचावर आरोपच मुळी खुर्ची रिकामी करून घेण्यासाठी रचले जातात, हे आपल्या भागात नवीन नाही. तिथे राजीनामा हाच त्या माणसांचा हेतू असतो, तो पुरवू नये. जबाब गावाबाहेर, पंचायत समितीच्या इमारतीत घ्यावेत अशी मागणी लेखी करावी आणि पदावर ठाम राहावे. दुसरी गोष्ट शासकीय कर्मचाऱ्यांची. ग्रामसेवक, तलाठी किंवा अभियंता यांनी रागाच्या भरात राजीनामा लिहू नये, कारण निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे राजीनाम्याने आधीची सेवा हातची जाते. निलंबन झाले तरी निर्वाह भत्ता मिळतो आणि नोकरी कायम राहते. त्यांनी बदली मागून चौकशीच्या जागेपासून दूर व्हावे, म्हणजे साक्षीदार मोकळे होतात आणि पोटावरही पाय येत नाही. रजेवर जाऊन उपसरपंचाकडे कारभार सोपवण्याचा मधला मार्गही काही जण सुचवतात. मला तो पटलेला नाही, कारण रजेवरचा सरपंच परत येणार हे प्रत्येक साक्षीदाराला ठाऊक असते.

ज्यांचा विचार राजीनाम्याकडे झुकत असेल त्यांनी घाई न करता दोन-तीन कामे आधी उरकून घ्यावीत. ज्या योजनेवरून आरोप आहे तिच्या सर्व नोंदींच्या प्रमाणित प्रती पद सोडण्यापूर्वी रीतसर अर्ज करून घ्याव्यात, म्हणजे दफ्तर हातातून जाण्याची धास्ती उरत नाही. सरपंचाचा राजीनामा पंचायत समितीच्या सभापतींच्या नावे द्यायचा असतो. त्यात वैयक्तिक कारण किंवा प्रकृतीचे कारण न लिहिता, चौकशी निःपक्षपणे व्हावी यासाठी पद सोडत आहे आणि चौकशीला पूर्ण सहकार्य करीन, असे स्वच्छ शब्दांत लिहावे आणि पोच घ्यावी. दफ्तराची सोपवणूक यादी करून, दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी व्हावी. आणि ज्याचा बहुतेकांना विसर पडतो ते म्हणजे सरपंचाची डिजिटल स्वाक्षरी: देयके तिच्यावर निघतात, आणि पुष्कळ गावांत ती पेन ड्राइव्हसारखी वस्तू संगणक परिचालकाच्या खणातच पडून असते. ती राजीनाम्याच्याच दिवशी ताब्यात घेऊन बंद करण्याचे पत्र गटविकास अधिकाऱ्यांना द्यावे, नाहीतर आपण पद सोडल्यानंतरही आपल्या नावाने देयके निघत राहतील.